विमान अजून समुद्रावर होतं

निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली आवरल्या, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. पण एखाद्या गावाच्या स्टँडवर विमानाचं चित्र छापलेला फ्लेक्स दिसला की एक दुपार जशीच्या तशी समोर उभी राहते. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणाला साधी चापट बसली नाही. तरीही खाकी अंगावर असताना मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

तेव्हा माझी नेमणूक सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात होती. हा मुलूख गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं म्हणजे गलाई. इथल्या प्रत्येक वाडीवस्तीवरचा कोणी ना कोणी या धंद्यापायी केरळापासून आसामपर्यंत कुठल्या तरी गावात भट्टी लावून बसलेला असतो. तीन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास ही माणसं शेजारच्या बाजाराला जाऊन आल्यासारखा सांगतात. विमान मात्र त्यांच्या घरात अलीकडे आलं, मुलांच्या शिक्षणामुळे.

ऑगस्ट महिना होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ठाण्यात गुन्ह्यांची कागदपत्रं बघत बसलो होतो. तालुक्याच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या गलाईवाल्याचा फोन आला. चोरीचं सोनं याच लोकांकडे आटवायला येतं, म्हणून पोलिसांची त्यांच्याकडे सारखी ये-जा असते. त्यामुळे ओळख होती.

"सायब, एक बाई सोनं आटवाय घेऊन आलीया," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चोरीचा माल न्हवं. घरची मानसं वळखीची हायती. पर तिचं हात लय कापाय लागल्यात. त्यात पोरीच्या बारशातल्या मनगट्या बी हायती. ह्या बी आटवू का म्हनून इचारलं, तर म्हनली, पोरीच्याच हायती, पोरीसाठीच जात्यात. मला काय बरं दिसंना."

"सोबत कोण आहे?"

"पुतण्या हाय. भाईर गाडीवर बसलाय."

मी त्याला सांगितलं, भट्टी तापायला वेळ लागेल म्हणून बाईला आतल्या खोलीत बसवून ठेव. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली, अंगावरचा गणवेश उतरवला, आणि आमच्या एका महिला शिपायाला साध्या कपड्यांत घेऊन मागच्या बोळातून त्या दुकानात शिरलो. नोकरीने मला एक गोष्ट शिकवली होती. लग्नासाठी सोनं काढणाऱ्या बाईचा चेहरा वेगळा असतो, आजारपणासाठी काढणारीचा वेगळा. ही बाई मात्र दाराकडे बघत होती. कोणाची तरी नजर आपल्यावर आहे असं वाटणारं माणूस तसं बघतं.

मी पोलीस आहे म्हटल्यावर ती उभीच राहिली. "आवं, जावा तुमी. पाया पडते. पोलिसाला कळलं तर मारनार हायती तिला."

"कोणाला?"

ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. महिला शिपायाने तिचा हात धरला, पाणी पाजलं, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

बाई विधवा. नवऱ्याची दक्षिणेत भट्टी होती. तेजाबाच्या धुरात फुफ्फुसं खराब होऊन तो लवकर गेला. धंदा आता दीर बघतो. तिला एकच मुलगी. ती हुशार निघाली आणि शिकायला अमेरिकेला चालली होती. आदल्या दिवशी दोन गाड्या भरून सगळे मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेले होते. मुलीने आतून फोन केला, "आई, सगळी तपासणी झाली, आता फोन बंद करते." त्यानंतर मंडळी परत निघाली. रात्री दीडचं विमान, सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला पोचणार.

साडेसात वाजले, आठ वाजले. मुलीचा फोन नाही. नऊला परदेशी वाटणाऱ्या नंबरावरून फोन आला. एक माणूस हिंदीत बोलला. मुलगी विमानतळाबाहेर येताच आम्ही उचलली आहे. घरातलं सगळं सोनं काढा, दागिने नकोत, आटवून लगड करा. दुपारी चारपर्यंत पोचवायचं. कुठं ते नंतर सांगू. पोलिसांत गेलात तर पोरीचं प्रेतही बघायला मिळणार नाही. आणि मग त्याने मुलीचं रडणं ऐकवलं.

"दुसरीच कोणी रडत असेल," मी म्हणालो.

"न्हाई सायब." तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "नऊ म्हयनं पोटात वागवलीया. माझ्याच पोरीचा आवाज हुता. आई, रडू नगंस गं, असं म्हनत हुती."

मी तिचं बोलणं बोटांवर मोजत होतो. रात्री दीड ते सकाळी साडेसात, म्हणजे सहा तास. मी महिला शिपायाकडे बघितलं. ती आधीच मोबाईल घेऊन कोपऱ्यात गेली होती. परत आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "सर, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. थेट विमानालाही पंधरा-साडेपंधरा तास लागतात. साडेसात ही तिथल्या घड्याळाची वेळ. आपल्या घड्याळात ते संध्याकाळचे पाच होतात. सकाळी नऊला त्यांचा फोन आला, तेव्हा तिथं आदल्या दिवसाची रात्र चालू होती."

म्हणजे मुलगी अजून आकाशात होती. न्यूयॉर्कच्या विमानतळावरून तिला कोणी उचलणं शक्यच नव्हतं.

हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. कारण आवाज तिचाच होता, असं आई छातीवर हात ठेवून सांगत होती. आवाज तिचा आणि ती न्यूयॉर्कमध्ये नाही, तर मग कदाचित ती विमानात बसलीच नव्हती. मुंबईतच कोणीतरी तिला गाठलं असेल, आणि न्यूयॉर्कचं नाव फक्त आम्हाला चकवायला घेतलं जात असेल. घरच्यांनी तिला काचेच्या दारातून आत जाताना बघितलं होतं. विमानात चढताना कोणीच बघितलं नव्हतं.

"तुम्हाला सहा तासांचं कोणी सांगितलं?" मी बाईला विचारलं.

"तिनंच. साडेसातला पोचते म्हनली. मीबी म्हनलं बरं झालं, विट्यास्नं एस.टी. मुंबईला जाईस्तवर इमान तिकडं टेकतंय. मला पान्याचं भ्या वाटतंय सायब. पान्यावरनं जायाचं म्हनून मी आधी न्हाईच म्हनत हुते."

"विमान कुठल्या कंपनीचं? थेट जाणार होतं की मधे बदलायचं होतं?"

तिला माहीत नव्हतं. "जाणाऱ्याला कुठं म्हनून इचारू न्हाई, न्हाई का? कुठं काढलं की काम मोडतंय. म्हनून घरात कुनीच इचारलं न्हाई. गाड्यांचं, फोनचं तेवढं पुतण्यानं बघितलंया. त्यो लय कामाचा हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला, मनातल्या मनात. साता समुद्रापलीकडे एकटी मुलगी जाते आणि अपशकुन होईल म्हणून तिला कोणी विमानाचं नावही विचारत नाही! पण माझी आई तरी काय वेगळं वागायची? मी बदलीच्या गावी निघालो की तीही उंबऱ्यात तोंड मिटून उभी राहायची.

मी नियंत्रण कक्षामार्फत मुंबईच्या विमानतळ पोलिसांना निरोप दिला की या नावाची प्रवासी विमानात चढली का ते कळवा. वरिष्ठांशी बोललो. सायबर शाखेकडे नंबर दिला. तिकडून उत्तर आलं की हा इंटरनेटवरून केलेला फोन आहे, नंबर परदेशी दिसतो पण माणूस कुठूनही बोलत असेल, माग काढायला वेळ लागेल. वेळच तर नव्हता. चारच्या आत काहीतरी करायचं होतं.

बाईने माझे हात धरले. "सोनं जाऊ दे सायब. पोरगी येऊ दे. तुमी मधी पडू नगा."

मी तिला म्हणालो, "मी मधे पडत नाही. तुमच्याबरोबर घरी येतो. तुमचं माहेर माणदेशातलं ना? मी कराडकडचा, मलकापूरचा. तुमचा लांबचा भाऊ समजा. पोरीला निरोप द्यायला यायचं होतं, उशीर झाला, असं सांगा."

सोनं त्या गलाईवाल्याकडेच राहिलं. "आटवून ठेवतो, तीनला न्या," असं त्याने पुतण्याला दुकानाबाहेर येऊन सांगितलं. पुतण्या बाईला घेऊन मोटारसायकलवरून पुढे गेला. मी एस.टी.ने, धोतर-टोपीतल्या चार माणसांबरोबर, त्यांच्या गावात उतरलो.

स्टँडवरच तो फ्लेक्स होता. दहा-बारा फूट उंच. मुलीचा हसरा फोटो, डोक्यावर विमान, मागे न्यूयॉर्कच्या इमारती आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आमच्या भागात पोराचं बारसं असो की बैलाचा पहिला नंबर, फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कोणी मानत नाही. पण इथे कोणीतरी लग्नाच्या मुहूर्तासारख्या वेळाही छापल्या होत्या. मुंबई ते न्यूयॉर्क, प्रस्थान रात्री दीड, आगमन सकाळी साडेसात. चोराला घराची किल्लीच टांगून ठेवावी तसं मला वाटलं. तारीख, वेळ, मुलीचा चेहरा, घराण्याचं नाव, सगळं चव्हाट्यावर.

घरी पोचलो. पुतण्याने माझ्या पायाला हात लावला. पंचविशीचा, अंगाने काटक, बोटांची टोकं तेजाबाने पिवळी पडलेली. बापाच्या भट्टीवर काम करायचा, बहिणीला सोडायला म्हणून महिनाभर गावी आला होता. बाईने त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेलं. दिवसभर घरात तोच वावरत होता. काकीला चहा दे, तिचे डोळे पूस, फोन चार्जिंगला लाव. "मामा, कुनाला काय बोलू नगा," तो मला म्हणाला. "पोलिसांत गेलो तर सगळंच संपलं. सोनं मी नेऊन देतो. काकीला कशाला तरास?"

मला तो आवडला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, संकटात घराला असा एक पोरगा हवा.

एकच्या सुमारास पुन्हा फोन वाजला.  काय विचारायचं ते मी तिला दुकानातच शिकवून ठेवलं होतं. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

पलीकडचा माणूस ओरडला. सोनं तयार आहे का? कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एकट्या पुतण्यालाच पाठवायचं, दुसरं कोणी दिसलं तर मुलगी गेली समजा. त्याचं हिंदी आमच्याच मातीतलं होतं, पण सांगली-मिरजेची माणसं जगभर आहेत, तेवढ्यावरून काही ठरत नव्हतं.

बाईने विचारलं, "माझी पोरगी जेवली का? तिथं आता दिवस हाय का रात?"

 मग आवाज आला, "दिन है, दोपहर है. धूप में बिठाया है तुम्हारी लडकी को. खाना तभी मिलेगा जब सोना मिलेगा."

फोन बंद झाला. बाई भिंतीला डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. "उन्हात बसवलीया माझी पोर!"

मी मात्र जागच्या जागी थिजलो होतो. न्यूयॉर्कला त्या घडीला पहाटेचे साडेतीन वाजले होते. ऊन कुठलं? बोलणारा न्यूयॉर्कमध्ये नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तिथं रात्र असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. सराईत टोळीने असा फोन करण्याआधी निदान घड्याळ तरी बघितलं असतं. विमान सहा तासांत अमेरिकेला पोचतं आणि तिथंही आपल्याबरोबरच दुपार होते असं मानणारा माणूस त्या फ्लेक्सच्या सावलीतलाच असणार. इतकं माझ्या लक्षात आलं.

पण फ्लेक्स तर अख्ख्या गावाने वाचला होता. आणि मुलीचा आवाज? तो कुठून आला?

मी पुतण्याला घेऊन बाहेर ओट्यावर आलो. तंबाखू मळत सहज विचारलं, "तो फ्लेक्स कोणी केला रं? झकास आहे."

"म्याच केलाय मामा." एवढ्या घोरातही त्याचा चेहरा उजळला. "वेळ टाकायची आयड्या बी माझीच."

"आणि तिथं गेल्यावर तिचा फोन चालणार होता ना?"

"व्हय, तिकडचा प्याक मीच मारून दिलता."

"बरं केलंस. मला काय निरोपाला यायला जमलं नाही. पोरगी निघाली तेव्हाचा व्हिडिओ असेल की तुझ्याकडं. दाव की मला."

तो बोटांची पिवळी टोकं एकमेकांवर घासायला लागला. मग म्हणाला, "काढला हुता, पर मोबाइलात जागा न्हवती. पुसून टाकला."

बाकी काही नाही, तेवढं एक वाक्य मला पुरलं. बहिणीच्या जाण्याचा बारा फुटी फ्लेक्स लावणारा पोरगा, निरोपाचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी पुसतो? आमच्याकडची पोरं बैलाच्या शर्यतीचाही वर्षानुवर्षं जपून ठेवतात. आणि तेव्हाच आईने सांगितलेले ते शब्द माझ्या मनात नीट जागेवर बसले. आई, रडू नगंस गं. गळ्याला सुरी लागलेली मुलगी वाचवा म्हणते. रडू नको असं म्हणते ती उंबरा ओलांडणारी मुलगी.

"चल," मी उठलो. "सोनं झालं असेल. मी पण येतो पेठेपर्यंत, तिथून कराडची गाडी धरतो."

गलाईवाल्याच्या आतल्या खोलीत तो शिरला आणि समोर गणवेशातले दोन शिपाई बघून तिथेच थांबला. माझ्याकडे वळून बघितलं. मामा कोण आहे ते त्याला कळलं.

मी त्याला स्टुलावर बसवलं. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मला कधी पटले नाहीत. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो, आणि ते कोर्टात टिकत नाही. महिला शिपायाने पंचांसमोर त्याचा मोबाईल घेतला. पुसलेल्या गोष्टी काही दिवस मोबाईलच्या पोटातच राहतात, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं किंवा घाईत सुचलं नव्हतं. व्हिडिओ सापडला. दारात गाडी उभी, औक्षण चाललेलं, आणि ती मुलगी आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत म्हणत होती, "आई, रडू नगंस गं..."

तरी तो बोलेना. आणखी कोणीतरी काढला असेल म्हणाला. त्याच वेळी मोबाईल कंपनीकडून निरोप आला की मुलीच्या नंबरावर परदेशातला कसलाही पॅक घेतलेला नाही. तरी तो बोलेना.

मी विचारलं, "तुझी बहीण आत्ता कुठं आहे?"

"अमेरिकेत."

"कधी पोचली?"

"साडेसातला."

"लेका, अडीच वाजलेत. आत्ता तिथं पहाटेचे पाच आहेत. साडेसात वाजायला अजून वेळ आहे. तुझ्या मित्राने सकाळी नऊला फोन केला तेव्हाही ती विमानात होती, आत्ताही विमानातच आहे. पंधरा तासांचा रस्ता आहे तो. खाली समुद्र आहे."

तो आधी हसला. मला वाटलं, उद्धटपणा करतोय. पण त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "म्हंजी ती पोचलीच न्हाई अजून?"

"नाही."

"सायब, मी तर ती पोचल्यावर फोन कराय सांगितलं हुतं. म्हनलं ती आता खोलीवर गेली असंल, सुखरूप हाय, फोन तेवढा लागनार न्हाई. म्हंजी समदं चाललं हुतं तवा ती वर... तिला वाटंत काय झालं तर? म्या तिच्या मरनाचं बोलून बसलोय की सायब!" आणि तो धाय मोकलून रडायला लागला. सकाळपासून ज्याने तिच्या प्रेताची भीती घातली, त्याला आता विमान पडेल याचं भय वाटत होतं. माणसाच्या आत काय काय एकत्र नांदतं ते पोलिसाइतकं कोणालाच बघायला मिळत नाही.

मग सगळं सांगितलं त्याने. कुपवाडच्या कारखान्यात काम करणारा एक दोस्त, इंटरनेटवरचा नंबर, चारचा वायदा. "तिला अमेरिका आन मला भट्टी," तो म्हणाला. "चुलता धुरानं मेला, उद्या मी बी मरनार. घरातलं समदं तिच्या शिक्षणात चाललं. मला माझी भट्टी टाकायची हुती. काकी देतीया काय मागून?" स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाने दोस्ताला त्याच्या कामाच्या ठिकाणावरून उचललं.

"तू तिला विमानात चढताना बघितलंस?" मी शेवटचं विचारलं.

"न्हाई. काचंतनं आत जाताना बघितली, तेवढंच."

चोर सापडला होता. मुलगी सापडली नव्हती.

मी बाईकडे परतलो. पुतण्याचं नाव सांगितलं. तिला ते ऐकूच गेलं नाहीसं वाटलं. मग म्हणाली, "मग ती कुठं हाय?"

"विमानात. पाचला उतरेल." मी ठामपणे सांगितलं. आतून माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. विमानतळ पोलिसांचं उत्तर आलं नव्हतं. नव्या शहरात, चालू फोन नसलेली, एकटी मुलगी. आजचा बनाव खोटा होता म्हणून जगातली सगळी संकटं खोटी होत नाहीत.

पाच वाजले, साडेपाच, सहा. घरात आठ-दहा माणसं, पण कोणी खोकतही नव्हतं. बाईने देवापुढे दिवा लावला आणि फोन समोर पाटावर ठेवला. मी दारात उभा होतो. मला तहान लागली होती आणि पाणी मागायची लाज वाटत होती. सारखं एकच डोक्यात येत होतं की मी बोटांवर मोजलेल्या हिशोबावर एका मुलीचा जीव पणाला लावला.

सव्वासहाला फोन वाजला. परदेशी नंबर.

सकाळच्यासारखाच अनोळखी, लांबलचक. घरातलं एकही माणूस हललं नाही. बाई मागे सरकली. त्या आवाजालाच ती भ्यायली होती. "तुमी घ्या," ती मला म्हणाली. "माझ्यात दम न्हाई."

मी उचलला. पलीकडे खरखर, गर्दीचा गलका, आणि मग एक मुलीचा आवाज, "आई?"

"मी बोलतोय," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

आवाज एकदम घाबरला. "कोन तुमी? आई कुठाय? आईला काय झालं?"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतरांच्या घरात मी कधी रडलो नव्हतो. मी फोन बाईच्या कानाला लावला.

 सगळ्यांना वाटलं, आता बांध फुटणार. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "पोचलीस का? काय खाल्लंस का न्हाई?"

परक्या मुलखात पाऊल ठेवल्या ठेवल्या वाईट सांगायचं नसतं. दिवसभर जे घडलं त्यातला एक शब्दही तिने तोंडातून जाऊ दिला नाही. मुलगीच सांगत होती. फोन चालत नव्हता, बाहेर यायला लांबच लांब रांग होती, एका बाईंचा फोन मागून घेतला. आणि मग ती चाचरत म्हणाली, "आई, रागावू नगंस. म्या तुला खोटं सांगितलं हुतं. सा तास न्हवं, पंधरा तास लागत्यात. तू पान्याला भितीस, म्हनून बोलले न्हाई."

बाईने माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात आली. मला वाटलं, पुतण्याला सोडा म्हणायला आली असेल. दक्षिणेतून आलेला दीर बाहेर ओट्यावर मान खाली घालून बसला होता. तिने दोन डबे आणले होते. एक आत कोठडीत द्यायला सांगितला. मग समोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिर्याद दिली, एक शब्दही न गाळता, आणि सही केली. "त्यानं मागितलं असतं तर भट्टी टाकाय मी सोनं दिलं असतं," ती म्हणाली. "पर पोरीच्या आवाजानं मागितलं. ते न्हाई मला सोसायचं." त्याच संध्याकाळी मुंबईहून रीतसर उत्तर आलं की सदर प्रवासी विमानात चढल्याची खात्री झाली आहे. मी ते फायलीला लावलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगतो. धमकी देणाऱ्यापेक्षा, आपण न विचारलेल्या साध्या गोष्टी माणसाला जास्त दुबळं करतात. किती लांब, किती वेळ, वाटेत कुठे थांबा, फोन कुठून येणार. एवढं माहीत असतं तर नऊ वाजता आलेला तो फोन त्या बाईने हसून ठेवून दिला असता. मुलीने आईला भीती वाटू नये म्हणून नऊ तास लपवले, आणि त्या नऊ तासांत कोणीतरी तिचं मरण आणून बसवलं. प्रेमाने सांगितलेलं खोटंही पोलिसाला तपासावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या भागात लग्नाला गेलो होतो. शेजारच्या घरातला एक मुलगा त्याच दिवशी जर्मनीला निघाला होता. दारात गाडी, औक्षण, मोबाईल वर धरलेली पोरं. फ्लेक्स होता, पण त्यावर वेळ नव्हती. गर्दीतून ती बाई पुढे आली. केस आता बरेच पांढरे झाले होते. तिने मुलाचा हात धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुठं चाललास? किती तास? मधी कुठं उतरनार? फोन कवा करशील?"

एक म्हातारी चिडली. "आगं, कुठं काढू नगं निघताना! अपशकुन हुतोय."

"हुदे," ती म्हणाली. पोरगा लाजला, सगळे हसायला लागले, गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. पण त्याने सगळं नीट सांगेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.